गोवा ते टोरंटो १६ तास ३० मिनिटं? अंतर-वेळ सांगणारी साइट वापरून आईला घेऊन गेलो, त्याचा रिव्ह्यू

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणाऱ्या बऱ्याच फुकट साइट आहेत, त्यातली एक मी ऑक्टोबरच्या प्रवासाआधी महिनाभर वापरली. नाव घेत नाही, कारण नंतर अजून तीन-चार चाळून बघितल्या तर सगळ्यांचा हिशोब थोड्याफार फरकाने तोच निघाला. अंतरासाठी तिला पाचपैकी पाच देतो. वेळेसाठी एक. असं का ते नीट लिहितो कारण आमच्याकडून आता घरटी कोणी ना कोणी बाहेर आहे, कोणाची लेक कॅनडात, कोणाचा झील लंडनला, आणि म्हातारी माणसं बाळंतपणाला, बारशाला एवढ्या लांब जायला लागलीत, त्यांना घरातून जो आकडा सांगितला जातो तो ती खरा धरतात.

आमचं असं झालं की धाकटी बहीण ब्रॅम्प्टनला असते, टोरंटो विमानतळाच्या बाजूलाच, तिची तारीख ऑक्टोबरच्या शेवटाची होती आणि आईने जायचं ठरलं. आई ६८ वर्षांची, डिचोलीबाहेरचा तिचा सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे पंढरपूर, आणि एकदा कोकण रेल्वेने मुंबई. विमानात पहिल्यांदाच बसणार. म्हणून मी बारा दिवसांची रजा काढून सोडायला गेलो. तिकिटं काढायच्या आधीच्या एका रात्री तिने विचारलं, "किती वेळ लागतो रे तिथं पावायला?" मी फोन काढला, साइटवर गोवा ते टोरंटो टाकलं, उत्तर आलं १२,९१५ किलोमीटर, फ्लाइट टाइम १६ तास ३० मिनिटं. मी ते तसंच तिला वाचून दाखवलं. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने १६ लिहून ठेवलं.

प्रत्यक्षात डिचोलीच्या घराला कुलूप लावल्यापासून बहिणीच्या दारात बॅगा टेकेपर्यंत ३६ तास ४५ मिनिटं लागली.

आता साइटवर अन्याय नको म्हणून आधी तिचं चांगलं सांगतो. लॉगिन मागत नाही, पैसे मागत नाही, आमच्याकडे पावसात नेटवर्क रडत असतं तेव्हाही पटकन उघडते. आणि अंतर अगदी बरोबर देते, ते मी स्वतः मांडून पाहिलं. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची आणि गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं, शाळेतली त्रिकोणमितीच आहे, फोनच्या कॅल्क्युलेटरवर होते. गोव्यातल्या मोपा विमानतळापासून मला साधारण १२,८८० आलं, दुसऱ्या म्हणजे दाबोळी विमानतळापासून १२,९१५. पृथ्वी काही अगदी गोल चेंडू नाही, ध्रुवांपाशी थोडी दबलेली आहे, त्यामुळे दुसऱ्या साइटवर थोडा इकडचा तिकडचा आकडा दिसेल, पण तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आतला, त्याचं टेन्शन घेऊ नका.

नकाशाचं मात्र खूप आवडलं. माझी समजूत अशी की टोरंटो पश्चिमेला, म्हणजे आपण अरबी समुद्र, आफ्रिका, मग अटलांटिक असं सरळ डावीकडे जाणार. साइटने जी रेघ काढली ती गोव्याहून निघून जवळजवळ उत्तरेलाच गेली, थोडीशी डावीकडे कलून. पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंड-स्वीडन-नॉर्वेचा वरचा भाग, तिथून ग्रीनलँड, आणि मग खाली क्विबेकवरून टोरंटो. मला वाटलं साइट चुकली. मग मुलीचा शाळेतला पृथ्वीगोल घेतला, आई फुलांच्या फाती ओवते त्या दोऱ्याचा एक तुकडा घेतला, एक टोक गोव्यावर एक टोरंटोवर धरून ताणला, आणि दोरा खरंच ग्रीनलँडवरून गेला. सपाट नकाशात वरचा भाग ताणून मोठा केलेला असतो म्हणून ती रेघ वाकडी वाटते, गोलावर तीच सरळ आहे. आई, मुलगी, बायको, सगळ्यांनी एकेकदा दोरा धरून बघितला. घरात म्हातारं माणूस जाणार असेल तर हे जरूर करा, आईला त्या दिवसापासून विमान कुठून जाणार याची भीती राहिली नाही, शेजारणीला पण बोलावून दाखवलं तिने.

बरं, आता वेळेचं. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे की सरासरी वेग ताशी ५०० मैल धरलाय आणि चढण्या-उतरण्याची ३० मिनिटं वर घातलीत. म्हणजे १२,९१५ किलोमीटर म्हणजे साधारण ८,००० मैल, भागिले ५००, सोळा तास, अधिक अर्धा तास. बस एवढाच हिशोब आहे! विमान कुठलं, वारा कुठला, वाटेत काय, काही नाही. आणि मुख्य गोष्ट, जी साइट कुठंच सांगत नाही, ती म्हणजे गोव्याहून टोरंटोला थेट विमानच नाही. त्या १६ तास ३० मिनिटांच्या विमानात आजपर्यंत कोणी बसलेलं नाही. म्हणजे विमानाला ते जमत नाही अशातला भाग नाही, सिंगापूर ते न्यूयॉर्क १५,००० किलोमीटरच्या वर आहे आणि तिथं थेट विमान रोज जातं अठरा तासांहून जास्त उडत, पण आपल्याकडून टोरंटोला कोणी चालवत नाही, त्यामुळे दिल्ली, मुंबई नाहीतर आखातातून कुठूनतरी बदलूनच जावं लागतं.

मग मला वाटलं बदलून जायचं म्हणजे अंतर वाढत असेल म्हणून वेळ वाढतो. ते पण तसं नाही. मोपा ते दिल्ली साधारण १,४६५ किलोमीटर, दिल्ली ते टोरंटो ११,६४०, बेरीज १३,१०५. म्हणजे थेट अंतरापेक्षा फक्त सव्वादोनशे किलोमीटर जास्त, विमानाला पंधरा-वीस मिनिटं. दोहावरून गेलात तर साधारण साडेपाचशे किलोमीटर जास्त, तेही तासाच्या आतच. खरा वेळ खातं ते थांबणं. आमचा घरापासूनचा हिशोब बघा.

रविवारी सकाळी १०.४५ ला घर सोडलं. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळहून वर चढणारा नवा रस्ता, बाराच्या सुमारास मोपा. अडीचला विमान, पाच-दहाला दिल्ली. रात्री एकच्या सुमाराला पुढचं विमान, म्हणजे जवळजवळ आठ तास दिल्लीत. हे आठ तास साइटच्या जगात नाहीतच. आणि हे तास म्हणजे नुसतं बसणं पण नव्हे हो, त्यात लांबच लांब चालणं आहे, इमिग्रेशनची रांग आहे, सिक्युरिटी परत एकदा आहे, आईच्या बांगड्या, पायातल्या मासोळ्या, दरवेळी ती घाबरून माझ्याकडे बघायची. व्हीलचेअर मी तिकीट काढतानाच मागितली होती, ती घ्याच, चालता येत असलं तरी घ्या, दिल्लीचं टर्मिनल तीन केवढं आहे ते तिथं गेल्यावरच कळतं. आणि दिल्लीत तुमचं गोव्याचं विमान टर्मिनल एकला उतरत असेल तर तिथून तीनला बसने जावं लागतं, त्याचा वेळ वेगळा धरा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढा ही माझी कळकळीची विनंती, वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात पण पहिलं विमान लेट झालं की दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

आता तो नकाशावरचा दोरा परत आठवा. पाकिस्तानवरून जात होता ना? एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय एअरलाइनना आपलं आकाश बंद केलंय, आपणही त्यांना बंद केलंय, आणि ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेलीय. त्यामुळे दिल्लीहून अमेरिका-कॅनडाला जाणारी भारतीय विमानं खाली अरबी समुद्राकडून वळसा घालून जातात, आणि काही वाटेत युरोपात इंधनासाठी उतरतात. आमचं तसंच होतं. मध्य युरोपात उतरलं, दीड तास उभं राहिलं, आपण खाली उतरायचं नाही, सीटवरच बसायचं. कॅनडाच्या एअरलाइनचं वेगळं दुखणं, त्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. म्हणजे तो सुंदर सरळ दोरा जो आम्ही सगळ्यांनी धरून बघितला, त्याच्यावरून आज पूर्ण असं कोणीच उडत नाही म्हटलं तरी चालेल. साइट तो दोरा दाखवते आणि त्याच्यावरच वेळ काढते. पृथ्वीचा आकार तिला पाठ आहे, वर आकाशात कुठलं दार बंद आहे ते तिला कळत नाही.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते.

आई तास मोजत होती. मला माहीत नव्हतं. तिच्या मनगटावर बाबांचं जुनं एचएमटीचं घड्याळ, त्याला चावी देऊन ती मोपाला विमान हललं तेव्हा किती वाजले ते बघून बसली होती. दुपारचे अडीच. दिल्लीत काही बोलली नाही. रात्री विमानात जेवण आलं, थोडं खाल्लं, झोपली, उठली, परत झोपली. आणि आपल्या सोमवारी सकाळी सातला मला हलवून म्हणाली, "सोळा तास झाले रे. पावलो काय आपण?" मी समोरच्या स्क्रीनवर बघितलं. युरोपात उतरायलाच अजून पावणेतीन तास होते, तिथून पुढे अख्खा अटलांटिक. बाहेर काळोख. घड्याळात सकाळचे सात आणि खिडकीबाहेर रात्र, कारण आपण रात्रीबरोबरच पश्चिमेकडे पळत होतो. मी तिला सांगितलं की अजून साधारण तेवढंच राहिलंय. ती काही रागावली नाही. फक्त "असं?" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली, आणि पदर डोळ्याला लावला तो मी बघितला.

तिने सगळी तयारी सोळा तासांची केली होती ना. प्रेशरची गोळी सकाळी एक, तर पर्समध्ये रविवारची घेतल्यावर सोमवारची एकच उरलेली, बाकी पूर्ण पाकीट खाली मोठ्या बॅगेत, का तर सोमवारी सकाळी आपण लेकीच्या घरी असणार. मोठी बॅग कुठंतरी अडकली असती तर काय केलं असतं मी? थायरॉइडची गोळी तर सगळीच खाली गेली होती. पायमोजे नव्हते घेतले, पाय सुजले. ही चूक तिची नाही, मी सांगितलेल्या आकड्याची आहे, आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

आणि सोमवार. आई मंगेशाचा सोमवार करते, गेली चाळीसेक वर्षं, दिवसभर फळं-दूध आणि दिवेलागणीला देवाकडे दिवा लावून मग जेवण. मी तिला म्हटलं होतं की प्रवासात सोड, तर म्हणाली सोळा तासांचा प्रवास, सोमवारी सकाळी पोचणार, उपास करायला काय अडचण? झालं काय, युरोपात इंधन भरताना उजाडलं, आणि तिथून जे विमान निघालं ते साडेनऊ तास उडून टोरंटोला उतरलं तेव्हा तिथं सकाळचे सव्वाअकरा. साडेनऊ तास बाहेर नुसती सकाळ, सूर्य जागचा हलायला तयार नाही. गोव्यात तेव्हा पावणेनऊ झाले होते रात्रीचे, मंगेशीची सोमवारची पालखीपण होऊन गेली असेल, आणि इथं सूर्य डोक्यावर. टोरंटो उन्हाळ्याच्या घड्याळात आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे आईचा तो सोमवार २४ तासांचा नाही, साडेतेहतीस तासांचा झाला. उपास पण तसाच लांबत चाललेला.

इमिग्रेशनला ऑफिसरने बऱ्यापैकी प्रश्न विचारले, बॅगा आल्या, बहीण-भावोजी बाहेर उभे, सगळं करून घरी पोचायला दुपारचे दोन. भारतात रात्रीचे साडेअकरा. बहिणीने ताट केलं, सोलकढी, वरण-भात, मुगा गाठी, तर आई म्हणते दिवेलागण झाल्याशिवाय कशी जेवू. बहीण आठ महिन्यांवरची पोटुशी, तिच्यासमोर उभी, डोळ्यांत पाणी. शेवटी बहिणीने फोनवर मंगेशीच्या देवळाचा फोटो लावला, खिडकीचे पडदे ओढले आणि दिवा लावला आणि म्हणाली, "आई, गोव्यात रात्र झालीय, मंगेश गोव्यातच आहे." तेव्हा ती जेवली.

हे सगळं एका वेबसाइटच्या रिव्ह्यूत कशाला असं कोणाला वाटेल. पण साइटवर दोन ओळी असत्या, एक की या मार्गावर थेट विमान नाही, दुसरी की तिथली वेळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे, तर मी आईला वेगळं सांगितलं असतं आणि तिने उपास, गोळ्या, सगळं वेगळं ठरवलं असतं. वेळेचा फरक साइटवर आहेच नाही असं नाही, पण वेगळ्या पानावर, आणि तोही हिवाळ्याचा साडेदहा तास दाखवत होता! टोरंटोत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. आता आईला आम्ही रात्री आठला फोन करतो तो आधी तिच्या साडेदहाला लागायचा, दोन नोव्हेंबरपासून साडेनऊला लागतो, तर पहिल्या दिवशी ती अंघोळीला गेलेली.

साइटची अजून एक चूक मला परतीत कळली. ती जायला आणि यायला एकच वेळ दाखवते, गोवा-टोरंटो साडेसोळा, टोरंटो-गोवा साडेसोळा. मी एकटा परत आलो दिवाळीच्या तोंडावर. जाताना अटलांटिकवर स्क्रीनवर ताशी आठशेच्या आसपास दिसत होतं, येताना तोच आकडा हजाराच्या वर गेलेला मी स्वतः बघितला. विमान तेच, इंजिन तेच. वर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत अजून जोर धरतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. त्यामुळे अटलांटिक ओलांडायला जाताना साडेनऊ तास लागलेले, येताना आठमध्ये झालं. दारापासून दारापर्यंत मला परतीला ३२ तास लागले, दिल्लीत थांबणं कमी होतं हेही त्यात आलं. एवढी साधी गोष्ट, दोन दिशांना दोन वेळा दाखवणं, साइटला जमायला हरकत नव्हती. मी त्यांच्या फॉर्मवर हे सगळं लिहून पाठवलंय, उत्तर आलेलं नाही.

आणि गोव्यावाल्यांसाठी खास. "गोवा" टाकलं की ही साइट मुकाट्याने दाबोळी धरते. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, ५ जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ आहेत आपल्याकडे. आकाशात दोघांत साधारण चाळीसच किलोमीटर आहेत आणि टोरंटोच्या हिशोबात तो फरक काहीच नाही, पण जमिनीवर मध्ये मांडवी आहे, झुवारी आहे, आणि काणकोणचा माणूस चुकून दाबोळीला जाऊन उभा राहिला तर त्याचं विमान गेलंच. आमच्या ओळखीत असं झालेलं आहे. तिकिटावरचे तीन अक्षरांचे कोड वाचा, दोनदा वाचा. डिचोली-पेडण्यावाल्यांना मोपा जवळ पडतं, पण सासष्टी-काणकोणच्या लोकांनी घर सोडायची वेळ दोन-अडीच तास आधीची धरावी, कदंबाच्या बसने जाणार असाल तर वेळापत्रक आदल्या दिवशीच बघून ठेवा.

(एक मधेच आठवलं. आजोबा सांगायचे की पोर्तुगीज काळात दाबोळीहून लिस्बनला विमान जायचं, १९५५ ला त्यांनी इथं आपली एअरलाइन काढली होती, कराचीलाही जायची. लिस्बन आपल्यापासून ८,३०० किलोमीटर, आणि तेव्हाची पंख्याची विमानं, वाटेत ठिकठिकाणी उतरत उतरत जायची. तेव्हा किती तास असं कोणी विचारतच नसावं, कुठल्या दिवशी पोचणार एवढंच विचारत असतील.)

मग वापरायचं काय? अंतर आणि नकाशासाठी ही साइट किंवा ग्रेट सर्कल मॅपर, त्याच्यात एक सोय चांगली आहे की मधलं ठिकाण घालता येतं, जीओएक्स, डीईएल, वायवायझेड (म्हणजे मोपा, दिल्ली, टोरंटो) असं ओळीने टाकलं की दोन्ही टप्पे वेगळे आणि बेरीज पण मिळते, मी वर दिलेले आकडे त्याच्याशी ताडून बघा. वेळेसाठी मात्र एअरलाइनच्या बुकिंगच्या पानावरचा एकूण वेळच धरा, तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीवर रांगेत उभं राहणं त्यात धरलेलं असतं, आणि मधला थांबा पण. त्याच्यावर फ्लाइटरडार२४ वर त्या फ्लाइटचा नंबर टाकून मागच्या सात दिवसांत ती खरोखर किती वाजता उडाली आणि किती वाजता टेकली ते फुकट बघता येतं, सातपैकी चार दिवस दोन तास लेट असेल तर तुम्हाला आधीच कळलं. इंधनाचा थांबा आहे का हे तिकिटावर बारीक लिहिलेलं असतं, नसलं तर फोन करून विचारा. आणि मग त्याच्यात घर ते विमानतळ, तीन तास आधी पोचणं, तिकडचं इमिग्रेशन, बॅगा, तिकडचा रस्ता, हे सगळं घालून जो आकडा येईल तोच आईवडिलांना सांगा. गोळ्या त्याच्या दुप्पट दिवसांच्या हातातल्या पर्समध्ये, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. घड्याळ बदलल्यावर गोळी कधी घ्यायची ते निघायच्या आधी डॉक्टरांनाच विचारून कागदावर लिहून घ्या, मी ते आता परतीसाठी म्हापशाच्या आमच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलंय.

भाचा २६ ऑक्टोबरला झाला, आई तिथं मजेत आहे, बर्फ बघितला, त्याला तेल लावून अंघोळ घालते, बहीण म्हणते सगळी बिल्डिंग हिच्या हाताखाली आहे. परत येणार फेब्रुवारीत, मी तिला आणायला जाणार आहे कारण दिल्लीत धुकं असलं तर तिला एकटीला तिथं बसवणं मला नको. यावेळी मी दिल्लीत रात्रीचा मुक्काम घेतलाय, पैसे जास्त गेले पण पाय लांब करून झोपेल तरी.

परवा फोनवर तिने विचारलं, येताना किती तास. मी आधी कागदावर मांडलं, बहिणीच्या दारापासून डिचोलीच्या दारापर्यंत, दिल्लीची रात्र धरून, आणि मग सांगितलं, आई, ४६. सोमवार मध्ये येत नाही ते पण बघून घेतलं. तिने बहिणीकडून पेन मागितलं आणि लिहून घेताना मोठ्याने म्हणाली, "चव्वेचाळीस?" मी म्हटलं नाही, सेहेचाळीस. तेवढ्यात बाळ रडायला लागलं म्हणून तिने फोन ठेवला.